एलएमएस घ्यावं की नॉलेज बेस? ११ शाखांची नागरी सहकारी बँक, आणि पैसे एकाच गोष्टीचे

काउंटर_तीन | ८ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण परिस्थिती सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेत आहे. ११ शाखा, १३२ कर्मचारी. आठ वर्षं काउंटरवर होते. गेली दोन वर्षं मुख्य कार्यालयात प्रशिक्षण आणि परिपत्रकं हे टेबल माझ्याकडे आहे. संचालक मंडळाने पुढच्या वर्षासाठी एका सॉफ्टवेअरपुरती रक्कम मंजूर केलीय. दोन विक्रेते येऊन गेले. पहिल्याने एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे प्रशिक्षण चालवायचं सॉफ्टवेअर) दाखवलं: अभ्यासक्रम, व्हिडिओ, शेवटी चाचणी, पास झालं की प्रमाणपत्र, आणि कोणाचं किती पूर्ण झालं याचा तक्ता. दुसऱ्याने नॉलेज बेस दाखवला: शोधायची एक चौकट, शब्द टाकला की पान उघडतं, आणि ते पान कोणी कधी बदललं याची नोंद राहते. दुसऱ्याचं कामही आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये होतं, असं दोघंही म्हणाले.

आमच्या साहेबांचा कल एलएमएसकडे आहे. त्यांचं कारण खोटं नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतच म्हटलंय की कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण सतत चालू असलं पाहिजे. तपासणीला माणसं आली की ‘कोणाला, कधी, काय शिकवलं’ हे दाखवावं लागतं. सध्या आम्ही सह्यांचे कागद दाखवतो.

माझं मन मात्र दुसरीकडे ओढ घेतंय, आणि त्याला एक प्रसंग कारण आहे.

दिवाळीच्या आधी आमच्या एका शाखेत एक आजी आल्या. यजमान गेले, त्यांच्या नावावर मुदत ठेव, नॉमिनी आजीच. काउंटरवरच्या मुलाने त्यांना वारस दाखला आणायला सांगितलं. त्या बिचाऱ्या तालुक्याच्या कोर्टात वकील शोधत फिरल्या. तिसऱ्या खेपेला शाखाधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. नॉमिनी रीतसर नोंदलेला असेल तर त्याच्याकडे वारस दाखला मागायचा नाही, हे रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं सांगत आलीय. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, “बाळाची चूक नाही, त्याला कोणी सांगितलं नसेल.”

सांगितलं होतं हो! सहा महिन्यांपूर्वी ‘मयत खातेदारांचे दावे’ या सत्राला तो मुलगा हजर होता. सत्र मीच घेतलं होतं. चाचणीत त्याला २० पैकी १७ मिळाले होते. आजी आल्या त्या दिवशी पासिंग ऑफिसर (काउंटरवरचे व्यवहार तपासून मंजूर करणारे) रजेवर, परिपत्रक फाइलमध्ये, फाइल कपाटात, आणि त्याच्यासमोर आठ माणसांची रांग.

आता मला सांगा, यात उणीव प्रशिक्षणाची होती की माहिती हाताशी नसण्याची? तुमच्याकडे काय वापरता आणि त्याचा खरा अनुभव काय, तेही लिहा.

---

चाकण_क्वालिटी | ८ डिसेंबर, रात्री १०.५५

ताई, मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तुमचे साहेब बरोबर आहेत असं माझं मत. आधी एलएमएस घ्या.

आमच्याकडे आयएसओ ९००१:२०१५ हे गुणवत्तेचं मानक आणि त्यावर वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ आहे. आयएसओच्या ७.२ कलमात सक्षमतेचा पुरावा जपून ठेवायला सांगितलंय. ऑडिटर लाइनवर येतो, वेल्डिंगवरच्या माणसाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, “याला हे काम येतं हे तुम्हाला कशावरून कळलं?” अशा वेळी ‘माहिती सगळी सर्व्हरवर आहे, तो वाचू शकतो’ या उत्तराला शून्य किंमत. शिकवल्याची तारीख, चाचणी, आणि कौशल्य तक्त्यात त्याचा चौकोन किती भरलाय, हे लागतं.

दुसरं म्हणजे माणसांची ये-जा. अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. आयटीआयची नवी तुकडी दर वर्षी येते. तेच ते, त्याच क्रमाने, नव्या पोरांना पुन्हा शिकवायचं असतं, आणि क्रम महत्त्वाचा असतो. प्रेसवर हात घालायच्या आधी सुरक्षेचा धडा पूर्ण झालाच पाहिजे. ‘हा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही’ ही अट एलएमएसमध्ये घालता येते. नॉलेज बेसमध्ये जो तो हवं ते पान उघडतो.

---

सर्व्हरखोली | ९ डिसेंबर, सकाळी ७.२०

चाकणकर, तुमचं कारखान्यापुरतं पटतं. पण ताईंचा मुलगा २० पैकी १७ घेऊन बसला होता. पुरावा होता, तरी आजी कोर्टात गेल्या.

मी बंगळुरूत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेत १२ वर्षं आहे. आमच्याकडे दोन्ही आहेत. एलएमएस लोक वर्षातून दोनदा उघडतात, स्मरणपत्र येतं तेव्हा. नॉलेज बेस दिवसातून वीस वेळा. तेवढ्यावरून नॉलेज बेस जिंकला असं मात्र मी म्हणणार नाही, कारण आमचा आधीचा नॉलेज बेस मेला होता. सहा हजारांवर पानं होती. एकाच प्रश्नावर चार पानं, चारांची उत्तरं वेगळी. दोनदा चुकीचं पान हाती आलं की माणूस तिसऱ्यांदा शोधत नाही, शेजारच्याला विचारतो. तिथे तो साठा संपतो.

त्याला जिवंत केलं ते एका साध्या बदलाने. आमच्या क्षेत्रात केसीएस (नॉलेज सेंटर्ड सर्व्हिस) नावाची पद्धत १९९२ पासून विकसित होत आलीय. तिचा गाभा असा: लिहिणं हे वेगळं काम नाही. ग्राहकाचा प्रश्न सोडवतानाच आधी शोधायचं. पान सापडलं तर वापरायचं, चुकलेलं दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, नसलं तर चार ओळींचं नवं लिहायचं. म्हणजे वापर हीच तपासणी. वर्षअखेरीला ‘सगळी पानं अद्ययावत करा’ असा फतवा काढून काहीही होत नाही, मी तीन वर्षं काढून पाहिलाय.

आणि लिहिणाऱ्याचं नाव पानावर ठेवा. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरून पाहिलं. कंपनीने दिलेल्या पुस्तिकांपेक्षा ते जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांवर जास्त काम चालवत होते. त्यानंतर झेरॉक्समध्ये युरेका नावाची प्रणाली उभी राहिली. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासायची, आणि ती लिहिणाऱ्याच्या नावासकट साठ्यात जायची. नाव असलं की माणूस जपून लिहितो.

---

निवृत्त_पासिंग_ऑफिसर | ९ डिसेंबर, दुपारी १२.१०

बाई, मी ३४ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली २१ पासिंगला. तुमचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. असे प्रसंग माझ्याही शाखेत घडले आहेत.

मला या दोन्ही सॉफ्टवेअरांबद्दल एकच सांगायचं आहे. बनावट नोट कशी ओळखायची, हे मी कुठल्या पानावर वाचलं नाही. आमच्या हेड कॅशियरांनी मला सहा महिने शेजारी बसवलं. बंडल मोजताना ते मध्येच थांबायचे, एक नोट माझ्या बोटांत द्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. मीच सांगायचं, बरोबर की चूक. कागदाचा करकरीतपणा, उठावाची छपाई, सुरक्षा धागा हे सगळं बोटांत आणि डोळ्यांत बसावं लागतं. रांग समोर असताना शोधायच्या चौकटीत ‘नोट खोटी कशी ओळखावी’ असं टाइप करणारा कॅशियर मला चालणार नाही.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांसाठी टीडब्ल्यूआय नावाचा कार्यक्रम होता. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. आमचे हेड कॅशियर यातलं काही वाचलेले नव्हते, पण पायऱ्या त्याच. व्हिडिओत दुसरीच पायरी होते. तिसरी आणि चौथी कोण करणार?

आणखी एक. म्हातारा माणूस घाबऱ्याघुबऱ्या येतो, ठेव मोडून सगळी रक्कम अनोळखी खात्यावर पाठवायला सांगतो, फोन कानाला लावलेलाच असतो. हल्ली त्या ‘डिजिटल अटके’च्या नावाने किती जणांना लुबाडलंय! त्या क्षणी काउंटरवरच्या पोराने थांबून, “काका, बसा जरा, पाणी घ्या,” म्हणायला हवं. हे शोधून सापडत नाही. ते आधीच अंगात मुरलेलं असावं लागतं.

---

काउंटर_तीन | ९ डिसेंबर, रात्री ८.३०

काका, तुमच्या नोटेच्या उदाहरणाने माझ्या डोक्यातला गुंता अर्धा सुटला. मनापासून आभार.

बघा ना, बनावट नोटेचंच काम दोन तुकड्यांत पडतं. नोट ओळखणं हे बोटांत असायला हवं. पण पुढे काय करायचं? ती परत द्यायची नाही, शिक्का मारून जप्त करायची, ग्राहकाला पोच द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिन्याअखेरीला पोलिसांना एकत्रित अहवाल, पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. हे चार आणि पाच किती जणांच्या लक्षात राहणार? आमच्याकडे अशी वेळ वर्षातून दोनदा येते. नोट ओळखली की मिनिटभर थांबून पान उघडायला हरकत काय आहे?

म्हणजे प्रश्न ‘कोणतं सॉफ्टवेअर’ असा नाहीच. प्रत्येक कामापुढे विचारायचं: हे त्या क्षणी डोक्यात असलंच पाहिजे का, की बघून केलं तर चालेल? आज दुपारी टेबलावर बसून आमची नेहमीची ६३ कामं लिहून काढली. डोक्यात असायलाच हवीत अशी ११ निघाली. नोट ओळखणं, फसवणुकीची चाहूल, सह्यांमधला फरक, दरोडा किंवा आग, महिला सहकाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार सांगितली तर ऐकायचं कसं, वगैरे. बाकी ५२ कामं बघून करायची आहेत. केवायसीचं नूतनीकरण घ्या. जास्त जोखमीच्या खात्यांना २ वर्षांनी, मध्यमला ८, कमीला १०. हे पाठ करून काय मिळणार?

आणि त्या ५२ पैकी कितीतरी बदलत राहतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी देता येतात. एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. मी २०२३ मध्ये चित्रित केलेल्या आमच्या व्हिडिओत मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय की एका ठेवीला एकच नॉमिनी. तो व्हिडिओ पाहून पास झालेल्या ९० जणांकडे आजही प्रमाणपत्र आहे.

त्यात सप्टेंबरमध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांचे नवे निर्देश आले. कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचे, अंमलबजावणी ३१ मार्च २०२६ पर्यंत. शिवाय नोव्हेंबरअखेरीला रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं रद्द करून २४४ एकत्रित निर्देश काढले. आमच्या फाइलींमधले निम्मे संदर्भ क्रमांक एका दिवसात जुने झाले. मला खरं तर त्याचा आनंद झाला. इतक्या मोठ्या संस्थेलाही वाटलं की साठा साफ केल्याशिवाय कोणाला काही सापडणार नाही.

---

टंकलेखिका_नाशिक | १० डिसेंबर, सकाळी ११.०५

कोणीच न विचारलेली गोष्ट विचारते. तुमची परिपत्रकं कोणत्या फॉन्टमध्ये आहेत?

मी सरकारी आणि सहकारी कार्यालयांची जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीत, आणून देण्याचं काम करते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं मराठी साहित्य बहुतेक ठिकाणी श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतं. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तुम्ही ‘ठेव’ शोधलं की काहीच सापडत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफची तीच गत. ते नुसतं चित्र असतं. विक्रेता प्रात्यक्षिक देतो ते इंग्रजी नमुना पानांवर, आणि तिथे शोध झकास चालतो.

युनिकोडमध्ये आणल्यावरही सुटका नाही. ‘बँक’ हा शब्द कोणी ब वर चंद्रबिंदू देऊन लिहितं, कोणी ‘बॅंक’ असं अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन. डोळ्यांना जवळजवळ एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचंही तसंच. शिवाय माणसं शोधताना काय लिहितील? नॉमिनी, नामनिर्देशन, नामांकन, वारस, आणि रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगने. यातल्या प्रत्येक शब्दाने एकच पान उघडलं पाहिजे.

खरेदीच्या आधी दोन्ही विक्रेत्यांना तुमची खरी दहा परिपत्रकं द्या, आणि तुमच्या काउंटरवरच्या मुलालाच शोधायला बसवा. त्याला जे शब्द सुचतील ते टाकू दे. विक्रेत्याला टाइप करू देऊ नका.

---

मेलबर्न_रात्रपाळी | १० डिसेंबर, दुपारी ३.४५

मी इथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे ताईंनी केली तीच विभागणी आहे, फक्त कोणी ती बोलून दाखवत नाही. जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण दर वर्षी, प्रत्यक्ष पुतळ्यावर, हात लावून. हृदय थांबलेल्या माणसापुढे कोणी पान उघडत नाही. पण क्वचित दिल्या जाणाऱ्या औषधाची मात्रा आणि ते किती वेगाने सोडायचं, हे मात्र प्रत्येक वेळी बघूनच. पंधरा वर्षांच्या अनुभवी बाईनेसुद्धा. ‘मला पाठ आहे’ म्हणणारीची इथे काळजी वाटते.

एक धोका सांगते. लोक पानं छापून भिंतीला चिकटवतात. आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं असतं की कागदावरची प्रत ग्राह्य धरू नये, तरीही औषधांच्या खोलीत तीन वर्षांपूर्वीचा कागद सापडला होता. तुमच्या शाखांमध्येही काचेखाली कागद असतीलच. ते काढायला कोणीतरी प्रत्यक्ष जायला हवं.

---

चाकण_क्वालिटी | १० डिसेंबर, रात्री ९.१५

डोक्यात काय आणि बघून काय, ही फोड आवडली. आमच्याकडे उद्याच मांडतो. आणि एक कबूल करायला हवं. मी ७.२ सांगितलं, पण त्याच आयएसओत ७.१.६ हे संघटनात्मक ज्ञानाचं कलम आहे, २०१५ च्या आवृत्तीत नव्याने आलेलं. काम नीट चालण्यासाठी लागणारं ज्ञान ठरवा, जपा, आणि लागेल त्याला मिळेल असं ठेवा, असं त्यात आहे. म्हणजे मानकाने दोन्ही मागितलीत. आम्ही ७.२ वर पैसे घातले आणि ७.१.६ पुढे ऑडिटच्या आदल्या दिवशी एक फोल्डर दाखवत आलो.

आमच्याकडे डाय बदलताना काय चुकतं त्याचे एका पानाचे धडे मशिनवर टांगलेले असतात, वन पॉइंट लेसन म्हणतात. एक चित्र, तीन ओळी. तोच आमचा खरा नॉलेज बेस, आणि तो लाइनवरच्या माणसांनी बनवलाय. आता त्यावर क्यूआर कोड लावून ताजं पान उघडेल असं करणार आहोत.

एका मुद्द्यावर मात्र मी मागे हटत नाही. पान बदललं आणि माणसाने ते उघडलंच नाही तर? ज्याला जुना नियम पाठ आहे तो शोधणारच नाही. तुमचा तो ‘एकच नॉमिनी’वाला व्हिडिओ पाहिलेला माणूस चार नॉमिनींचं पान कशाला उघडेल? त्याला वाटतंय त्याला येतं. बदल ढकलून त्याच्यापर्यंत पोचवावा लागतो, आणि वाचल्याची नोंद घ्यावी लागते. ते काम एलएमएसचं आहे.

---

सर्व्हरखोली | ११ डिसेंबर, सकाळी ७.०५

चाकणकरांचा हा मुद्दा माझ्याकडे खोडायला काही नाही. बरोबर आहे. नॉलेज बेस अडलेल्याला मदत करतो. ज्याला आपण अडलोय हेच माहीत नाही, त्याला करत नाही.

आता सॉफ्टवेअरांबद्दल. जे स्वतः चालवून पाहिलंय तेवढंच लिहितो.

मूडल: हे एलएमएस. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी काढलं, मुक्त स्रोत, परवान्याचा खर्च नाही. प्रश्नपेढी उत्तम. क्रमाने धडे उघडण्याची अट घालता येते. त्यात विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची-सुधारायची पानं) आणि शब्दसंग्रह आहेत, पण अभ्यासक्रमाच्या पोटात. काउंटरवरून दहा सेकंदांत उत्तर काढायला ते बरं नाही. सांभाळायला एक जाणता माणूस हवा.

बुकस्टॅक: हे नॉलेज बेससाठी, हेही मुक्त स्रोत. फडताळ, पुस्तक, प्रकरण, पान अशी रचना. कधीच विकी न वापरलेल्या माणसालाही पाच मिनिटांत कळतं, म्हणून माझं आवडतं. पानाचा बदलांचा इतिहास राहतो. डोकूविकी त्याहून साधं. डेटाबेस लागत नाही, पानं साध्या मजकुराच्या फायली म्हणून राहतात, त्यामुळे बॅकअप म्हणजे फोल्डरची नक्कल. मीडियाविकीवर मराठी विकिपीडिया २००३ पासून चालतो, तेव्हा मराठीची काळजी नाही, पण छोट्या बँकेला तो संसार मोठा होतो.

झोहो लर्नमध्ये माहितीपुस्तिका आणि अभ्यासक्रम दोन्ही एकाच जागी आहेत. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर हे बघायला हवं. फक्त बँक म्हणून तुमच्या आयटी आणि सायबर धोरणात बाहेरच्या क्लाउडबद्दल काय आहे ते आधी विचारा. आणि काहीही घेतलं तरी ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक पानावर येऊ देऊ नका. उदाहरण लिहिताना नेमकं तेच घडतं.

विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारा. दर कोणाच्या डोक्यामागे आहे, वाचणाऱ्याच्या की लिहिणाऱ्याच्या? काही ठिकाणी वाचक फुकट असतात, तिथे १३२ चा हिशेब एकदम १५ वर येतो. आणि सोडून जायचं ठरवलं तर सगळी पानं कोणत्या स्वरूपात परत मिळतील? नुसतं ‘पीडीएफ’ असं उत्तर आलं तर सही करू नका.

शेवटचं: काहीच न सापडलेल्या शोधांची यादी दर सोमवारी काढा. तुमच्या पुढच्या प्रशिक्षणाचे विषय त्यातच असतात.

---

काउंटर_तीन | २१ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी ६.५०

सगळ्यांना नमस्कार. अडीच महिन्यांनी लिहितेय, कारण नुसतं ‘कळवते’ म्हणून गायब व्हायचं नव्हतं.

आम्ही मंजूर रक्कम अजून खर्च केलेली नाही. साहेबांना ६३ कामांची यादी दाखवली. ११ आणि ५२ हा हिशेब पाहून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तीन शाखांत करून दाखवा. आमच्या आयटीच्या मुलाने पडून असलेल्या एका जुन्या सर्व्हरवर बुकस्टॅक चढवलं. बँकेच्या आतल्या जाळ्यावरच, बाहेर नाही.

पानं ५२ झाली नाहीत, आत्तापर्यंत २९ आहेत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तीन गोष्टी: कोणाच्या जबाबदारीचं, शेवटचं कधी तपासलं, कोणत्या निर्देशावर आधारलंय. पहिली ओळ काउंटरवर बोलायचं वाक्य असते. मयत खातेदाराच्या पानाची पहिली ओळ आहे: ‘आधी बसायला सांगा. नॉमिनी नोंदलेला आहे का ते पाहा. असेल तर वारस दाखला मागू नका.’ ही ओळ त्याच मुलाने लिहिलीय, आणि पानावर त्याचं नाव आहे. त्याला मी विचारलं होतं, नाव ठेवू का. तो हो म्हणाला.

नाशिकच्या ताईंचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. आमची २०१४ च्या आधीची सगळी परिपत्रकं श्रीलिपीत. ती बदलत बसलो नाही, कारण बहुतेक रद्दच झालीत. जी लागू आहेत तेवढीच नव्याने टंकली. प्रत्येक पानाच्या तळाशी पर्यायी शब्दांची ओळ ठेवलीय, रोमन लिपीतल्या तीन-चार स्पेलिंगांसकट. पहिल्या महिन्यात रिकाम्या गेलेल्या शोधांत सगळ्यात वर काय असेल? ‘१५एच’, म्हणजे व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ ठेवीदारांनी द्यायचा फॉर्म. मार्चमध्ये ठेवीदार व्याजावरच्या कराचं विचारायला येतात, आणि ते पान आमच्या यादीतच नव्हतं! ६३ कामं मी मुख्य कार्यालयात बसून लिहिली होती, त्याचं हे फळ. त्या दिवशी काउंटर सोडून दोन वर्षं झाल्याचं जाणवलं.

चाकणच्या दादांच्या मुद्द्यासाठी असं केलंय: पान बदललं की तीन शाखांना दोन ओळींचा निरोप आणि एकच प्रश्न. ‘लॉकरला एकाच वेळी चार नॉमिनी टक्केवारीने देता येतील का?’ असा. उत्तरांचा तक्ता मी साध्या शीटमध्ये ठेवते. ४१ पैकी १६ जणांनी पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं. हे कळलं म्हणून त्यांना फोन करता आला. तपासणीलाही हा तक्ता सह्यांच्या कागदापेक्षा जास्त सांगेल असं साहेबांना वाटतंय, पण खरं उत्तर तपासणी झाल्यावरच कळेल. ११ शाखांना शीट पुरणार नाही. तेव्हा एलएमएस लागेल, आणि मंजूर रक्कम बहुधा तिथेच जाईल. म्हणजे साहेबांचं म्हणणंही राहिलं.

मेलबर्नच्या ताई, काचेखालचे कागद काढायला मी स्वतः तिन्ही शाखांत गेले. एकात २०१७ चे ठेवींचे व्याजदर होते.

जे जमलं नाही तेही लिहिते. एका शाखेत पानं कोणी उघडतच नाही. तिथले वरिष्ठ विचारलं की लगेच उत्तर देतात, बरोबर देतात, आणि त्यांना पोरांनी विचारलेलं आवडतं. ते ऑगस्टमध्ये निवृत्त होतायत. त्यांना ‘लिहून द्या’ म्हटलं की कामाच्या पाच ओळी लिहितात, पण त्यांना खरं काय दिसतं ते त्यात येत नाही. काका, याचं उत्तर तुमच्याकडेच असेल असं वाटतं.

---

निवृत्त_पासिंग_ऑफिसर | २२ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

बाई, त्यांना लिहायला सांगू नका. मलाही निवृत्तीच्या वेळी एक वही दिली होती, कोरीच परत केली. अनुभव लिहा म्हटलं की माणसाला परिपत्रकाची भाषा आठवते.

त्यांना एखादं प्रकरण विचारा. ‘तुम्ही सही अडवलीत आणि नंतर बरोबर ठरलात, असं शेवटचं कधी झालं?’ मग बघा कसे बोलायला लागतात. शेजारी एका पोराला बसवा. लिहायचं त्याने, आणि प्रश्नही त्यानेच विचारायचे, कारण तुम्हाला जे माहीत आहे ते तुम्ही विचारणार नाही. नाव दोघांचं घाला.

ऑगस्टपर्यंत सहा महिने आहेत. आठवड्याला एक प्रकरण धरलं तर पंचवीसेक होतील. मी सांगलीत असतो, गुरुवारी मोकळा असतो. तुमची शाखा जवळ असेल तर पहिल्या दोन बैठकांना येऊन बसेन. आमच्या वयाचा माणूस समोर असला की ते लवकर मोकळे होतील. व्यक्तिगत संदेशात पत्ता कळवा.